का. मां.

रामटेके सरांच्या पाठीच्या कण्यात काहीतरी बिघाड आहे, म्हणून त्यांना वाकता येत नाही, असं आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात पुष्कळांचं ठाम मत होतं. धादांत खोटं. खडूचा तुकडा खाली पडला की सर सगळ्यांच्या आधी वाकून तो उचलत, त्यावर फुंकर मारत आणि तंबाखूच्या चपट्या डबीत टाकत. तंबाखूला ते कधी शिवले नाहीत, डबी खडूसाठीच होती. ते वाकत नसत फक्त माणसांपुढे. आणि सत्तावन्न साली प्रयोगशाळेतल्या एका साध्या डेमॉन्स्ट्रेटरनं माणसांपुढे न वाकणं हा बिघाडच मानला जाई.

मुलांनी त्यांचं नाव काटकोन ठेवलं होतं. एकतर ते उभे तसे राहत, आणि दुसरं म्हणजे फुटपट्टी न लावता फळ्यावर असा काटकोन काढत की गुण्या लावून पाहिला तरी केसाचा फरक सापडू नये. हे नाव त्यांच्या कानावर होतं. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी दबक्या आवाजात "काटकोन" म्हणालं, तर सर वळून म्हणाले, "बरोबर हाये. नव्वदचा. एक्याण्णवचा दिसलो तर सांगजा." आणि पुन्हा फळ्याकडे वळले.

सर नाचणगावचे. रोज सकाळच्या पॅसेंजरनं पुलगावहून वर्ध्याला येत. त्यांचे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. सर शिष्यवृत्तीवर नागपुरात एम. एस्सी. झाले आणि कॉलेजनं त्यांना डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घेतलं. म्हणजे तास घ्यायचा नाही. उपकरणं मांडायची, मुलांचे आकडे पाहायचे आणि विभागप्रमुखांनी काढलेले टेस्टचे पेपर तपासून द्यायचे. विभागप्रमुखांना आम्ही मोठे सर म्हणायचो. मोठे सर इंग्रजीतून शिकवत आणि चांगलं शिकवत, ते मी नाकारणार नाही. फक्त पुस्तकात ज्या पानावर जी रीत दिली आहे तिच्या बाहेर पाऊल पडलं की त्यांना आपल्या घराचं दार कोणी उघडं टाकलं असं वाटायचं.

मी समुद्रपूरची. वडील तिथल्या शाळेत कारकून. मुलीनं सायन्स घ्यावं की नाही यावरून आमच्या घरात महिनाभर रण माजलं होतं, आणि शेवटी "नापास झालीस की परत" या अटीवर मला वर्ध्याला मावशीकडे धाडलं. वर्गात आम्ही दोनच मुली. मोठ्या सरांच्या तासाला मला मेकॅनिक्समधलं काही म्हणजे काही कळत नसे. बाणांची चित्रं मी सुरेख काढायची, आणि बाण काढून झाले की त्यांच्याकडे बघत बसायची.

दर शुक्रवारी प्रयोग आटोपले की ज्याला अडलं असेल त्यानं थांबावं, असा रामटेके सरांचा रिवाज होता. याला कॉलेजची परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती. आम्ही अकरा जण थांबायचो.

पहिल्याच शुक्रवारी त्यांनी एक उदाहरण घातलं आणि आम्ही सगळे धडाधड बाण काढायला लागलो. सर ओरडले, "पेन्सिली खाली! बाण सुटले लगेच! पहिले हे सांगा, प्रश्न काय मांगून राह्यला?"

प्रश्न काही मागतो, हेच आम्हाला नवीन होतं. आमच्या समजुतीप्रमाणे प्रश्न फक्त अंगावर येत असत.

"वेग मांगते का ताण मांगते? का वेळ मांगते? जे मांगते तेच द्या ना. पाहुण्यानं पाणी मांगलं तर तुम्ही त्याले अख्खी विहीर दाखवता काय?"

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एकीचं नाव 'टोकं पाहा'. वस्तू वर होती तेव्हा तिच्याजवळ काय होतं आणि खाली आल्यावर काय आहे एवढंच बघायचं; मधात काय झालं ते विचारायचं नाही. उंची गेली ती कुठं गेली? वेगात गेली. संपलं. आज पुस्तकं याला ऊर्जेची रीत म्हणतात. दुसरीचं नाव 'उभं-आडवं करा'. म्हणजे वस्तूवर जे जे बल लागतं ते मोडून त्याचे दोन काटकोनी हिस्से करायचे आणि एकेका दिशेचा जाब विचारायचा. वेग मागितला आणि घर्षण नसलं, तर टोकं. दाब, ताण किंवा वेळ मागितला, तर उभं-आडवं. हे ठरल्याशिवाय पेन्सिलीला हात लावायचा नाही. उत्तराच्या डोक्यावर आधी 'का. मां.' लिहायचं, म्हणजे 'काय मांगते', आणि पुढे एकच शब्द.

"अन् रीत कोणती घ्यायची हे कोण सांगते?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक," एक जण म्हणाला.

"नाई."

"मोठे सर."

"नाई बाप्पा. रीत सायबाची नसते अन् पुस्तकाचीबी नसते. रीत प्रश्नाची असते."

त्यांच्याकडे कुठल्याशा पडक्या छपराच्या दोन पत्र्याच्या पन्हाळ्या होत्या. एक सरळ ठेवलेली, दुसरी मधोमध खोल वाकवलेली, दोन्हींची टोकं टेबलाच्या कडेशी सपाट केलेली. एकाच उंचीवरून दोन्हींत काचेचे कंचे, म्हणजे गोट्या, सोडायचे. कोणता कंचा जास्त वेगानं बाहेर पडेल? आमच्यात मारामारीपर्यंत मतभेद. सर कंचे सोडत. वाकड्या वाटेचा कंचा आधी पोचे, सरळ वाटेचा मागून, आणि खालच्या रेतीत दोघं पडत एकाच रेषेवर. म्हणजे वेग तोच. "पाहा," सर म्हणत, "वेळ येगळा, वेग तोच. टोकं पाहणाऱ्याले वेग समजते, वेळ नाई समजत. त्याले वेळ इचारसान तर तो खोटं बोलन." तो खेळ त्यांनी त्या वर्षात निदान वीसदा केला असेल आणि दरवेळी रेतीतल्या खड्ड्यांकडे असं बघितलं की जणू पहिल्यांदाच पडलेत.

ते हे सगळं वऱ्हाडीत बोलत. कॉलेजात वऱ्हाडी बोलणं म्हणजे चप्पल घालून देवघरात जाण्यासारखं होतं. एका प्राध्यापकानं त्यांना सर्वांदेखत टोमणा मारला, की तुमच्या तोंडून न्यूटन शेतावर गेल्यासारखा वाटतो. सर शांतपणे म्हणाले, "गुरुत्वाकर्षणाले भाषा नाई समजत, सर. ते इंग्रजीतबी खालीच ओढते."

एकदाच त्यांनी घरचं सांगितलं, तेही गणिताच्या ओघात. वडील फळीवरून गाठ उतरवत असताना फळी मोडली आणि त्यांचा पाय गेला. "सारे इचारत होते, गाठ किती जोरानं आली, किती जोरानं आली. फळीवर दाब किती पडते, हे आधी कोणीच नाई इचारलं. त्या दिवशी प्रश्न दाब मांगत होता." एवढं बोलून त्यांनी फळा पुसला, बाहीनंच, आणि पुढचं उदाहरण घातलं. तेव्हा मला त्यांचा तो 'काय मांगते'चा हट्ट कुठून आला ते कळलं, आणि फार वाईट वाटलं.

प्रयोगशाळेच्या कपाटात पितळेचा एक पेला होता, त्यावर पांढऱ्या रंगानं १७ लिहिलेलं. पाण्याचं वजन करायच्या प्रयोगाला तो सगळ्यांना घ्यावा लागे. त्याची गोष्ट मला झिबल शिपायानं सांगितली. सर नवे आले तेव्हा माठाजवळ त्यांच्यासाठी तो वेगळा पेला ठेवलेला होता. सर त्याच पेल्यानं पाणी पीत राहिले. छप्पनच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो पेला उचलला, त्यावर नंबर टाकला आणि उपकरणांच्या कपाटात ठेवून दिला. मग माठावरच्या सगळ्यांच्या ओगराळ्यानं पाणी प्याले. झिबल म्हणाला, "सर, तुमचा गिलास?" सर म्हणाले, "तो आता साऱ्यायचा झाला." त्या वर्षापासून कॉलेजातल्या झाडून सगळ्या घरांच्या मुलांनी सतरा नंबर हाताळला, आणि कोणाचा हात गळून पडल्याचं ऐकिवात नाही.

मोठ्या सरांना शुक्रवारची वार्ता लागली. एकदा ते सरळ आत आले आणि मागे उभे राहिले. मग म्हणाले, "रामटेके, तुमच्या त्या टोकांनी सगळंच सुटतं असं मुलांना वाटायला लागलंय. मी एक देतो. गुळगुळीत अर्धगोलाच्या माथ्यावरून वस्तू घसरली, तर ती पृष्ठभाग कुठं सोडेल?"

सरांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पुढच्या बाकावर होते. त्यांनी झिबलला मेसमधून कढई आणायला पिटाळलं, ती टेबलावर उपडी घातली आणि वरून कंचा सोडला. कंचा थोडा घसरला आणि कढई सोडून बाहेर उडाला.

"का. मां.?" सर आम्हाला म्हणाले.

"जागा," मी म्हणाले.

"जागा कशी ओळखसान? सुटला म्हणजे काय झालं?"

"कढईचा दाब शून्य झाला."

"हां. दाब मांगला की काय करायचं?"

"उभं-आडवं."

"करा. आता त्याच्यात वेग येऊन राह्यला. तो कुठून आणाचा?"

"टोकं!" आम्ही अकराही ओरडलो.

कंचा त्रिज्येचा तिसरा हिस्सा उतरला की सुटतो, हे उत्तर आमच्या आम्हीच काढलं. सर मोठ्या सरांकडे वळले. "बरोबर म्हणता तुम्ही, सर. टोकायनं सारं नाई सुटत. इथं दोन्ही लागतात. लई सुंदर प्रश्न दिला." यात टोमणा नव्हता. पण मोठ्या सरांनी तो टोमणाच धरला आणि पुस्तकातली रीत वापरत जा, एवढं बोलून निघून गेले.

जानेवारीतल्या टेस्टमध्ये मोठ्या सरांनी प्रश्न घातला: सोळा फूट उंचीवरून चाळीस फुटी गुळगुळीत फळीवरून कापसाची गाठ घसरते, तळाशी तिचा वेग किती? आम्ही अकरा जणांनी डोक्यावर लिहिलं, 'का. मां. – वेग', आणि दोन ओळींत टोकं पाहून उत्तर काढलं. सेकंदाला बत्तीस फूट. बाकीच्यांनी बाण काढले, बल मोडलं आणि सात-आठ ओळींत बत्तीसवरच पोचले. रामटेके सरांनी सगळ्यांना निळ्या पेन्सिलीनं दहापैकी दहा दिले. मोठ्या सरांनी पेपर परत चाळले आणि आमचे अकरा दहा खोडून तिथं लाल शून्य काढलं. सरांनी ते खोडून पुन्हा निळे दहा केले. त्यावर पुन्हा लाल शून्य आलं. माझ्या पेपराला त्या जागी भोक पडलं होतं.

या टेस्टमध्ये नापास झालेल्याचा वार्षिक परीक्षेचा फॉर्म कॉलेज पाठवत नसे. ते दहा गुण गेले की मी नापास, आणि नापास म्हणजे समुद्रपूर.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर रीतीचं भांडण म्हणून मिटली असती. पण मोठ्या सरांच्या नजरेला ते 'का. मां.' आलं. अकराच पेपरांवर, एकाच जागी, एकसारखं. पेपरावर ओळखीची खूण करणं हा गुन्हा. शिवाय दीक्षा घेतल्यापासून सर नुसते खोकले तरी काहींना त्यात संघटना ऐकू येत असे. 'का' म्हणजे कामगार हे मोठ्या सरांनी नक्की करून टाकलं होतं, 'मां'चं तेवढं जुळत नव्हतं. आता हसू येतं. तेव्हा आम्हाला एकेकाला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं गेलं आणि हसायचं कुणाला सुचलं नाही.

प्राचार्यांनी माझा पेपर पुढं केला. "हे का. मां. काय आहे? कोणी शिकवलं?"

माझ्या डोळ्यांपुढे वडील उभे राहिले, समुद्रपूरची गाडी उभी राहिली. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

हे वाक्य मी एक माणूस सोडला तर आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्यानंतर गेलेल्यांतही बहुतेकांनी तेच सांगितलं, पण त्यानं माझं वाक्य धुऊन निघत नाही.

शेवटी सरांना बोलावलं. झिबल दाराशी उभा होता, त्यानं मला नंतर सगळं सांगितलं. सरांनी आत जाताच विचारायच्या आधी सांगून टाकलं की का. मां. म्हणजे 'काय मांगते', हे आपण शिकवलं, पोरांना यात ओढायचं काम नाही. प्राचार्य माणूस सौम्य होते. ते म्हणाले, "खुणेचं मी सोडून देतो. पण शिस्त राहिली पाहिजे. जूनमध्ये लेक्चररची जागा निघते आहे, ती तुमचीच समजा. फक्त दोन ओळी लिहून द्या, की ती रीत चूक होती आणि शून्य योग्य आहे."

"कागद देता काय, साहेब?" सर म्हणाले.

मोठे सर निश्चिंतपणे खुर्चीत मागे टेकले. रामटेके सर उभ्यानंच लिहायला लागले, आणि दोन ओळींत थांबलेच नाहीत. त्यांनी वर तो प्रश्न लिहिला. खाली 'का. मां. – वेग'. मग टोकं पाहून दोन ओळी, उत्तर बत्तीस. त्याखाली उभं-आडवं करून सात ओळी, उत्तर बत्तीस. त्याखाली लिहिलं, 'दोन्ही बरोबर. शून्य चूक.' आणि सही केली.

"तुम्ही दोन ओळी मांगल्या होत्या," ते म्हणाले, "ह्या शेवटच्या दोन घ्या."

"रामटेके, जागा जाईल," प्राचार्य म्हणाले.

"जाऊ द्या. गाठ तरी बत्तीसनंच येते."

दुसऱ्या दिवशी त्याच मजकुराची नक्कल प्रयोगशाळेच्या फळ्याशेजारी डकवलेली होती. दोन दिवस सगळं कॉलेज येऊन वाचून जात होतं, अगदी संस्कृतचे प्राध्यापकसुद्धा. तिसऱ्या दिवशी कागद कोणीतरी काढला, पण तोवर आमचे गुण गुपचूप परत झाले होते. अकराही फॉर्म गेले. मी पास झाले. सरांची जागा मात्र गेली, आणि लेक्चरर म्हणून नागपूरचे कोणी गृहस्थ येणार असं ठरलं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं त्या आठवड्यात झिबल मला म्हणाला, "सर आलेत. पन्हाळ्या न्याले आलेत." मी धावत प्रयोगशाळेत गेले तर सर निघून गेले होते. तशीच स्टेशनवर गेले. सर फलाटावर उभे होते, नव्वदचे, हातात दोरीनं बांधलेल्या दोन पन्हाळ्या. पुलगावजवळच्या एका शाळेत मास्तरकी लागली होती.

मी रडायलाच लागले. "सर, मी माहीत नाही म्हणाले. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा. मला सगळं माहीत होतं."

"मले ठाऊक हाये," सर म्हणाले. "पण तू का. मां. कुठं पाह्यलं? तुले वाटलं ते उत्तर मांगून राह्यले. त्यायनं भेव मांगला होता. तू देऊन टाकला."

भीती मागितली आणि मी ती दिली, हे ऐकून मी अजूनच रडायला लागले.

"रडू नको, बाई. पुढच्या खेपेले पाह्यजो. कोणी इचारलं की पहिले पाह्यजो, काय मांगून राह्यला."

तेवढ्यात नागपूरकडून पॅसेंजर आली. आणि पुढच्या डब्याकडे हार घेऊन लगबगीनं चालले होते आमचे मोठे सर. नवे लेक्चरर त्याच गाडीनं उतरत होते. रामटेके सर मागच्या डब्यात चढले आणि पन्हाळ्या धरून दारात उभे राहिले. पाहुण्यांना हार घालून परत फिरताना मोठ्या सरांनी मला पाहिलं, मग दारातल्या सरांना पाहिलं. ते थबकले. अजून दोन वर्षं मला त्यांच्या हाताखाली काढायची होती.

"काय गं शकुंतला," ते अगदी हळू म्हणाले, "तू इथं कशी?"

मी डोळे पुसले. आणि पहिल्यांदा नीट पाहिलं, ते काय मागतायत.

"रामटेके सरांना पोचवायला आले, सर," मी म्हणाले, आणि गाडीनं शिट्टी दिली म्हणून आवाज चढवला. "आणि ते का. मां. मला माहीत होतं. माझ्या पेपरावर मीच लिहिलं होतं. या वर्षीही लिहिणार आहे."

नवे लेक्चरर गळ्यातला हार सावरत आमच्याकडे बघत राहिले. मोठे सर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, कारण गाडी हलली होती आणि डब्यात पत्र्याचा मोठा खणखणाट झाला. सरांनी पन्हाळ्या सोडून दिल्या होत्या. ते दारात ताठ उभे होते, दोन्ही हात वर करून, दहाही बोटं माझ्याकडे पसरून.